आम्रकुलावर रिसर्च करायचा म्हणजे आधी चिकाशी गाठ

वनस्पतीशास्त्रात रिसर्चला लागलेल्या प्रत्येकाला आपापल्या फॅमिलीचं, म्हणजे वनस्पतींच्या कुळाचं, कौतुक असतं, ऑर्किडवाले मोबाईल काढून फोटो दाखवतात, गवतवाले दोन मिलिमीटरच्या कणसावर तासभर बोलतात आणि आम्रकुलवाले हात दाखवतात. म्हणजे खरंच, बाही वर करून मनगटावरचे डाग दाखवतात. माझ्याकडेही आता दाखवण्यासारखे बऱ्यापैकी आहेत.

आम्रकुल म्हणजे ॲनाकार्डिएसी. आंबा, काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा, आंबाडा, सुमॅक, पॉयझन आयव्ही ही सगळी मंडळी यातलीच. साधारण ८० जीनस (प्रजाती) आणि ८०० च्या आसपास स्पीशीज (जाती), बहुतेक उष्ण कटिबंधात, थोड्या समशीतोष्ण भागातही. वरवर बघता यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटत नाही, काजूचा बोंड आणि पिस्त्याचं टरफल शेजारी ठेवून हे चुलतभाऊ आहेत म्हटलं तर समोरचा हसेल, पण देठ कापला की सगळ्यांच्या आत तेच, फ्लोएममध्ये, म्हणजे अन्न वाहून नेणाऱ्या भागात, राळेच्या नळ्या. कुठे चीक दुधाळ, कुठे पारदर्शक, कुठे हवा लागताच काळा पडणारा. तर या फॅमिलीवर काम करायला लागल्यापासून माझं ठाम मत झालंय की इथे सगळा कारभार चिकाच्या हातात आहे, ओळख तोच पटवून देतो, काम तोच अडवतो, आणि आपण पेपरमध्ये जे लिहितो त्यातलं निम्मंअधिक त्याच्याचमुळे लिहायला मिळतं.

माझा विषय कागदावर अगदी साधा होता. जंगलात झाड सापडतं तेव्हा त्याला फूल असेलच असं नाही, फळ तर त्याहून नाही, आणि या फॅमिलीतल्या ओळखीच्या सगळ्या कीज, म्हणजे झाड ओळखायचे तक्ते, फूल आणि फळ मागतात. मग नुसत्या पानावर, देठाच्या छेदावर आणि डीएनएवर झाड कुठपर्यंत ओळखता येतं ते बघायचं. त्यात बिब्ब्याचा जीनस सेमेकार्पस आणि त्याचा जवळचा नातेवाईक होलिगार्ना यांचा गुंता मुख्य. दोन्हीची पानं साधी, मोठी, फांद्यांच्या टोकाला गर्दी करून बसलेली, दोन्हीचा चीक काळा पडणारा, आणि वर दोन्हीत नर आणि मादी फुलं बहुतेक वेगवेगळ्या झाडांवर. म्हणजे नर झाड भेटलं की फळाची वाट बघत बसण्यात अर्थच नाही, ते येणारच नाही.

पहिल्या दिवशी गाईड मॅडमनी झाडांबद्दल काहीच सांगितलं नाही, ग्लोव्ह्जबद्दल सांगितलं. "लेटेक्सचे इथे चालणार नाहीत, तेल त्यातून आत उतरतं. नायट्राइलचे घाल, आणि एका झाडाला एक जोडी. दुसऱ्या झाडाकडे जाताना बदलायचे." मला तेव्हा हे जरा जास्तच वाटलं. मग त्यांनी केमिस्ट्री सांगितली आणि वाटणं बंद झालं.

यातला मुख्य खलनायक उरुशिऑल. हे एकच रसायन नाही, मिश्रण आहे, कॅटेकॉलचा कंकणाकृती रेणू आणि त्याला १५ किंवा १७ कार्बनची लांब शेपटी, शेपटीत डबल बॉंड एकही नसेल किंवा तीनपर्यंत असतील. जपानी लाखेच्या झाडाच्या चिकावर रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं काम करून ही रचना उलगडली. बिब्ब्यातलं भिलावनॉल याच घरातलं, काजूच्या टरफलात ॲनाकार्डिक ॲसिड आणि कार्डॉल, आंब्याच्या चिकात रिसॉर्सिनॉल. मुद्दा असा की शेपटी तेलकट असल्यामुळे हा रेणू त्वचेत सहज घुसतो, आत गेला की ऑक्सिडाइज होऊन क्विनोन बनतो आणि आपल्याच प्रोटीनला जाऊन चिकटतो, मग शरीराला ते प्रोटीन परकं वाटायला लागतं आणि टी-सेल्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, तुटून पडतात. म्हणजे फोड आणतो तो चीक नाही, आपलीच प्रतिकारशक्ती. आणि त्यामुळेच पहिल्यांदा चीक लागतो तेव्हा बऱ्याच जणांना लगेच काही होत नाही, त्या वेळी शरीर फक्त नोंद करून ठेवतं. पुढच्या वेळी मात्र एकदोन दिवसांत हिशोब चुकता.

गंमत म्हणजे आम्रकुलाशी लांबचंही नातं नसलेल्या गिंको या झाडाच्या बियांवरच्या बाहेरच्या गरातही असलीच शेपटीवाली रसायनं असतात आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचा त्रास होऊ शकतो. झाडांनी हा शोध एकापेक्षा जास्त वेळा लावलेला दिसतो.

तर कलेक्शन. लांब दांड्याची कात्री, वर्तमानपत्रं, फांद्या दाबून वाळवायचा प्रेस, सिलिका जेलच्या पुड्या, अल्कोहोलची बाटली, आणि माझ्या आग्रहाखातर पांढऱ्या कागदाचं पॅड. हे पॅड ब्लॅक स्पॉट टेस्टसाठी. १९८० मध्ये ग्विन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पॉयझन आयव्हीसाठी लिहिलेली ही युक्ती आहे, पान कागदात धरून दगडाने किंवा कशानेही चेचायचं, हाताला लागू द्यायचं नाही, आणि थांबायचं. रस कागदावर आधी ओलसर, फिकट तपकिरी दिसतो, इतर कुठल्याही पानाचा दिसतो तसाच. मग कडेपासून गडद व्हायला लागतो आणि दहापंधरा मिनिटांत त्यातले काही ठिपके चक्क काळे, वार्निशसारखे चकचकीत. पहिल्यांदा हे घडताना बघितलं तेव्हा मी बाकीचं काम सोडून कागदाकडेच बघत बसले होते, मॅडम पुढच्या झाडापर्यंत पोचल्यासुद्धा.

काळं होण्यामागे लॅकेज नावाचं एन्झाइम आहे, चिकातच असतं, त्यात तांबं असतं, आणि हवेतला ऑक्सिजन वापरून ते उरुशिऑलचे रेणू एकमेकांना जोडत जातं. हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये लाखेच्या झाडाच्या चिकात ते पहिल्यांदा दाखवलं आणि नाव पुढे गॅब्रिएल बर्ट्राँ यांनी दिलं. जपानी लाखेची भांडी कोरड्या जागी नाही तर दमट कपाटात वाळवतात ती यामुळेच, तिथे पाणी उडून जाणं म्हणजे वाळणं नाही, एन्झाइमने काम करणं म्हणजे वाळणं, आणि त्याला दमटपणा लागतो. आम्हाला जंगलात याचा फायदा असा की पावसाळी हवेत टेस्ट पटापट यायची. तोटा असा की कात्रीच्या पात्यावरही तितक्याच पटापट काळा थर बसायचा आणि तो एकदा वाळला की अल्कोहोलला दाद देत नाही, म्हणून प्रत्येक फांदीनंतर लगेच पुसायचं.

त्या सगळ्या फिरतीत एक झाड भेटलं, ज्याच्याभोवती माझा पुढचा बराचसा रिसर्च फिरला. उंच, सरळ, पानं टोकाला, फूल नाही, फळ नाही, खाली पडलेलंही काही नाही. ब्लॅक स्पॉट ठणठणीत पॉझिटिव्ह. सोबतच्या मदतनीस काकांनी बघताक्षणी सांगून टाकलं की हा बिब्ब्यातलाच. मॅडम म्हणाल्या, "देठ बघ." देठाच्या मधोमध दोन बाजूंना बारीक, मऊ, काट्यासारखे पण टोचत नाहीत असे दोन उंचवटे होते. होलिगार्नाची ही खूण आहे, फक्त ती लवकर गळून पडते आणि मागे नुसता व्रण उरतो, त्यामुळे जुन्या पानावर बघून काही कळत नाही. आमच्या फांदीवर कोवळ्या दोनतीन पानांवर होते, बाकी सगळीकडे व्रण होता की किड्याने खाल्लेलं होतं ते भिंगातूनही नक्की सांगता येईना. मदतनीस काका आपल्या मतावर ठाम, मॅडम आपल्या. मी वहीत दोन्ही लिहून ठेवलं.

फोड मला याच झाडाने दिले. कात्री वर, फांदी वर, आणि कापल्यावर चीक दांड्यावरून ओघळत खाली आला, ग्लोव्ह्ज आणि बाही यांच्या मधल्या बोटभर जागेत. जवळच्या ओढ्यावर साबण लावून लगेच धुतलं, पहिल्या काही मिनिटांत धुतलं तर बरंचसं निघतं, पण बरंचसं म्हणजे सगळं नव्हे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज, तिसऱ्या दिवशी रेघेत फोड, अगदी ओघळ जसा गेला तशी रेघ. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं आणि फोडातल्या पाण्याने ते पसरत नाही असं समजावून सांगितलं, कारण लॅबमधल्या अर्ध्या लोकांनी माझ्या शेजारी बसणं बंद केलं होतं. पसरतं ते कपड्यांवर, अवजारांवर, बॅगेच्या पट्ट्यावर राहिलेल्या तेलाने. आणि उरलेल्या फांद्यांची शेकोटी तर चुकूनही करायची नाही, धुरातून ते फुप्फुसात जातं.

हर्बेरियमचा, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या वाळक्या नमुन्यांच्या संग्रहाचा, भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, मला तोच आवडला. जुन्या शीट्स उघडल्या की या फॅमिलीच्या फांद्यांभोवती कागदावर तपकिरी काळसर छाया पडलेली दिसते, वर्षानुवर्षं चीक झिरपून झालेली. फांदी गळून पडलेली असली तरी छायेवरून ती कशी ठेवली होती ते कळतं. शीट जुनी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, वाळलेल्या नमुन्यांनीही हात उठल्याची उदाहरणं आहेत. तिथे बसून ओळीने सेमेकार्पस आणि होलिगार्नाच्या शीट्स बघताना एक गोष्ट जाणवली की नर झाडांच्या शीट्सवर नावं सगळ्यात जास्त वेळा बदललेली आहेत. एका चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी, त्यावर तिसरी, प्रत्येकाची सही वेगळी. म्हणजे हा त्रास मला एकटीला नव्हता, माझ्या आधीच्या सगळ्यांना होता.

फुलं सोडवणं हा एक वेगळाच छळ. वाळलेलं फूल गरम पाण्यात भिजवायचं, मायक्रोस्कोपखाली सुईने उघडायचं, सगळं मिळून चारपाच मिलिमीटरचं प्रकरण. त्यात नर फुलात स्त्रीकेसराचा अवशेष असतो आणि मादी फुलात पुंकेसर असतात पण नावाला, परागकोश दिसायला बरा आणि आत रिकामा, त्यामुळे फोडून बघितल्याशिवाय बोलायचं नाही. मग अंडाशय. प्रत्येक कप्प्यात बीजांड एकच असेल तर आम्रकुल, दोन असतील तर शेजारची बर्सेरेसी, म्हणजे धूप आणि गुग्गुळवाली फॅमिली. या दोन्ही फॅमिली सख्ख्या बहिणी आहेत, दोघींच्या सालीत राळेच्या नळ्या आहेत, वास येतो, पण फोड आणणारी ती शेपटीवाली रसायनं बर्सेरेसीत नाहीत. आम्रकुलातही ती सगळ्यांकडे नाहीत, ॲनाकार्डिऑइडी या उपकुलातच सापडतात, आंबाड्याचं स्पॉन्डिऑइडी उपकुल त्या बाबतीत सभ्य. लॅबमध्ये आंबाड्याचं सॅम्पल ज्याच्या वाट्याला येतं त्याच्याकडे आम्ही बाकीचे असूयेने बघतो.

सेमेकार्पस आणि होलिगार्ना वेगळे करणारी खरी खूण मादी फुलातच आहे, होलिगार्नात अंडाशय खाली, फुलाच्या पेल्याच्या आत बुडालेला, सेमेकार्पसमध्ये बहुतेक वेळा वर, आणि पुढे बी एका मांसल गादीवर बसल्यासारखं. आमच्या झाडाला पुढे कधीतरी मोहोर आला तो नर. अर्थात.

देठाचे छेद हाताने ब्लेड धरूनच घेतले. ताजा देठ कापला की छेदावर मध्याभोवती गोल रांगेत बारीक थेंब उभे राहतात, प्रत्येक थेंब एका नळीच्या तोंडाशी, आणि तुम्ही पाणी टाकेपर्यंत ते एकमेकांत मिसळून सगळ्या छेदावर चिकट पडदा धरतात. म्हणून आधी फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे पेशी जशाच्या तशा टिकवणाऱ्या द्रावणात, ठेवून मग कापायचं. सॅफ्रॅनिनने रंगवल्यावर मात्र चित्र फार सुरेख दिसतं, लाकडाच्या पेशी लाल, आणि प्रत्येक वाहिनीपुंजाच्या फ्लोएममध्ये एक मोठी गोल पोकळी, तिच्या काठाला चीक तयार करणाऱ्या नाजूक पेशींची माळ. ही नळी म्हणजे एखादी पेशी नाही, पेशी एकमेकींपासून बाजूला सरकून मध्ये तयार झालेली जागा आहे. आंब्यात अशा नळ्या गाभ्यातही असतात. मी नळ्यांची रुंदी मोजली, संख्या मोजली, एक्सेल भरून टाकलं, आणि शेवटी असं निघालं की त्यावरून फॅमिली शंभर टक्के कळते, जीनस बऱ्यापैकी, आणि स्पीशीज जवळपास नाहीच, कारण एकाच झाडाच्या कोवळ्या आणि जून देठातला फरक दोन स्पीशीजमधल्या फरकापेक्षा जास्त येत होता.

आता डीएनए. इथे मला चिकाने रडवलं. पानातून डीएनए काढायची सगळ्यांची लाडकी पद्धत म्हणजे सीटॅब, १९८७ मध्ये डॉईल आणि डॉईल यांनी लिहिलेली, आजही जगभर चालते. पान लिक्विड नायट्रोजनमध्ये कुटायचं, सीटॅब बफरमध्ये ६५ डिग्रीला ठेवायचं, क्लोरोफॉर्मने प्रोटीन बाजूला काढायचं, वरचं पाणी घेऊन आयसोप्रोपॅनॉल टाकायचं, आणि नळी हळूच उलटी सुलटी केली की डीएनएचे पांढरे धागे तरंगायला हवेत. शेजारच्या टेबलावर भातावर काम करणाऱ्या मुलाच्या नळीत ते यायचे, कापसासारखे. माझ्या नळीत तळाला तपकिरी, थरथरणारं जेलीसारखं काहीतरी बसायचं, पिपेटच्या टोकाला चिकटून लांब तार निघायची आणि टोक वर उचललं की अख्खा गोळा वर यायचा. पाण्यात विरघळायचं नाव नाही.

यात दोन वेगवेगळे शत्रू असतात आणि दोघांचा इलाज वेगळा आहे हे कळायला वेळ लागतो. तपकिरी रंग पॉलीफेनॉल्सचा. पान कुटताच पेशी फुटतात, फेनॉल आणि ते ऑक्सिडाइज करणारी एन्झाइम्स एकत्र येतात, क्विनोन बनतात आणि डीएनएला कायमचे चिकटतात. म्हणजे त्वचेच्या प्रोटीनचं जे होतं साधारण तेच इथे डीएनएचं होतं. त्यावर इलाज पीव्हीपी, जे फेनॉलना आधीच धरून ठेवतं, आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल, जे ऑक्सिडेशन होऊ देत नाही आणि ज्याचा वास एकदा घेतला की माणूस फ्यूम हूडचं महत्त्व कधी विसरत नाही. जेली मात्र पॉलीसॅकराइड्सची, चिकातला डिंकाचा भाग. तिला फेनॉलच्या औषधाने काहीही फरक पडत नाही. तिथे मीठ वाढवायचं, नेहमीच्या बफरमध्ये १.४ मोलर असतं ते दोनच्या वर न्यायचं, जास्त मिठात डिंक पाण्यातच राहतो आणि डीएनए तेवढा खाली बसतो. आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो सॉर्बिटॉलच्या वॉशने, कुटलेलं पान मुख्य बफरमध्ये टाकायच्या आधी सॉर्बिटॉलच्या थंड द्रावणात घुसळायचं, फिरवायचं, वरचं ओतून द्यायचं, आणि ओतलेलं पाणी शेंबडासारखं येणं बंद होईपर्यंत परत परत करायचं. डीएनए तोपर्यंत केंद्रकात सुरक्षित असतो. होलिगार्नाला हे सगळ्यात जास्त वेळा करावं लागलं, आंब्याला कमी, चारोळीला मध्यम.

शिवाय पान कोवळं हवं. जून पानात फेनॉल जास्त. आणि सिलिका जेलमध्ये भरपूर आणि झटपट वाळलेलं हवं, पुडीत पान जास्त आणि सिलिका कमी झालं तर ते हळूहळू वाळतं आणि वाळता वाळता आतच काळं होतं, मग पुढे कितीही वॉश द्या. चांगलं वाळलेलं पान हिरवंच राहतं आणि हातात कुरकुरीत तुटतं. हे मी आता कुणी विचारलं नाही तरी सांगते.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास यायला लागलं तेव्हा मी खूश झाले, मॅडम नाही झाल्या, त्या २६०/२३० बघत होत्या. ते दोनच्या जवळ हवं, माझं एकच्याही खाली. म्हणजे प्रोटीन गेलंय, डिंक आणि फेनॉल आहेतच. अशा डीएनएवर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची प्रक्रिया, लावला की एन्झाइम बंद पडतं आणि जेलवर काहीच दिसत नाही, कोरी पट्टी. इथे एक उलटा उपाय चालतो जो मनाला पटत नाही, डीएनए अजून पातळ करायचा. डीएनए कमी होतो तसा अडथळाही कमी होतो, आणि पीसीआरला डीएनए थोडा पुरतो. त्यात थोडं बीएसए नावाचं प्रोटीन टाकायचं, ते उरलेल्या फेनॉलला अंगावर घेतं. असं करून पट्टी आली. फिकट आली, पण योग्य जागी आली, आणि आमच्याकडे त्या दिवशी बरेच जण जेलच्या फोटोभोवती जमले होते, जे भातवाल्यांना कळलंच नाही की यात एवढं काय.

बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून झाड ओळखण्यासाठी, २००९ मध्ये वनस्पतींच्या बारकोडिंग गटाने आरबीसीएल आणि मॅटके या दोन क्लोरोप्लास्ट जीन्सची जोडी सुचवली होती, आम्ही त्यांनीच सुरुवात केली. आरबीसीएल लगेच येतो, प्रामाणिक जीन आहे, पण इतका सावकाश बदलतो की फॅमिलीतले जवळचे नातेवाईक त्यात अक्षरशः सारखे दिसतात. मॅटकेत फरक जास्त, पण त्याचे प्रायमर, म्हणजे पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे, सगळ्यांना लागत नाहीत. मग केंद्रकातला आयटीएस घेतला, तिथे फरक भरपूर, फक्त पेशीत त्याच्या अनेक प्रती असतात आणि त्या आपसात जुळल्या नाहीत तर सिक्वेन्सच्या ग्राफवर एका जागी दोन दोन शिखरं येतात. तसली सॅम्पल्स बाजूला ठेवावी लागली.

सिक्वेन्स हातात आल्यावर डेटाबेसमध्ये शोधायचे. इथे एक सांगते, डेटाबेसमधलं नाव म्हणजे कुणीतरी कधीतरी दिलेलं नाव. ज्या सिक्वेन्समागे हर्बेरियम शीटचा नंबर नाही त्याच्यावर मी आता अजिबात विसंबत नाही, कारण नर झाडावर चिठ्ठ्या बदलणारी मंडळी जशी शीटवर होती तशीच ती इथेही असणार, फक्त इथे जुनी चिठ्ठी खाली दिसत नाही.

झाड काढलं, म्हणजे वंशवृक्ष, तेव्हा आमचं ते वादग्रस्त झाड होलिगार्नांमध्ये जाऊन बसलं, चांगल्या बूटस्ट्रॅपने, म्हणजे खात्रीच्या चांगल्या आकड्याने. देठावरचे उंचवटे खरे होते. मदतनीस काकांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "असेल, पण चीक तर बिब्ब्यासारखाच आहे ना." यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, आहेच. मात्र कुठली होलिगार्ना ते आमच्या जीन्सनी सांगितलं नाही, तीन स्पीशीज एका झुबक्यात अडकून राहिल्या.

मोठं चित्र मात्र या फॅमिलीचं गेल्या काही वर्षांत बरंच साफ झालंय. जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ एंग्लरने १८९२ मध्ये केलेले पाच गट आता जसेच्या तसे कुणी वापरत नाही. २०१४ मध्ये आम्रकुल आणि बर्सेरेसी दोन्हींचा मिळून मोठा वंशवृक्ष आला, त्यात ॲनाकार्डिऑइडी एकसंध राहिलं आणि स्पॉन्डिऑइडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडले. पिस्त्याचा जीनोम २०१९ ला, आंब्याचा २०२० ला प्रसिद्ध झाला. आणि जीवाश्मांचं तर विचारूच नका, जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत साधारण ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे काजू सापडलेत, देठाच्या फुगवट्यासकट, २००७ मध्ये त्यावर पेपर आला. आज रानटी काजू फक्त अमेरिकेच्या उष्ण भागात आहेत, आणि तेव्हा ते युरोपात होते. माझा पीसीआर जेव्हा नीट चालत नव्हता तेव्हा मी असले पेपर वाचून वेळ काढायचे.

आमचा पेपर पाठवला तर रिव्ह्यूअरने एक रास्त मागणी केली. फळाच्या कोयीच्या आतल्या कवचाची रचना दाखवा. वॅनन आणि क्विन यांनी १९९० मध्ये दाखवलं होतं की हे कवच या फॅमिलीत मुख्यतः दोन प्रकारचं असतं, काजूच्या प्रकारात कठीण पेशी नीट थरांत, उभ्या ओळींत लागलेल्या, आणि आंबाड्याच्या प्रकारात अस्ताव्यस्त, कशाही दिशेने. मागणी बरोबर आहे, अडचण एवढीच की आमचं झाड नर आहे. त्यामुळे त्याच्या आसपास त्याच जातीची मादी शोधायची, देठावर तेच उंचवटे बघायचे, फळ मिळालं की डीएनए जुळवायचा आणि मग ते दगडासारखं कवच मऊ करून मायक्रोटोमवर कापायचं, ज्यात पाती किती जातील देव जाणे.

मॅडमनी या वेळी सोबत नवीन विद्यार्थी दिलाय. मागच्याच आठवड्यात सराव म्हणून कापताना त्याच्या हाताला बिब्ब्याचा थोडा चीक लागला, लगेच धुतला, काही झालं नाही. पहिल्या वेळी बहुतेकांना होत नाही हे मी त्याला नीट समजावून सांगितलं, टी-सेल्ससकट, पण त्याचं मत असं झालंय की त्याला ॲलर्जीच नाही, आणि लांब दांड्याची कात्री तोच धरणार म्हणतोय.